शूर्पारक : एका गावाच्या सोयींची कहाणी

मुंबईहून विरारकडे जाणारी लोकल भाईंदर सोडते आणि वसईच्या खाडीवरील लांब पुलावरून धडधडत पलीकडे जाते. मग नायगाव येते, वसई रोड येते आणि त्यानंतर नालासोपारा. गाडी थांबताच माणसांचा लोंढा फलाटावर उतरतो. या नावात दोन गावे एकत्र नांदत आहेत. एक नाळे आणि दुसरे सोपारे. स्थानक दोन्ही गावांच्या सोयीसाठी झाले, म्हणून दोघांचीही नावे त्याला मिळाली. रोज हजारो प्रवासी हे नाव उच्चारतात. परंतु त्यातील अर्धे नाव दोन हजार वर्षांहून जुने आहे, याची कल्पना त्यांतील फार थोड्यांना असते.

आजचे सोपारे हे पालघर जिल्ह्यातील वसई-विरार शहराचा एक भाग आहे. पूर्वेला तुंगारेश्वराचे डोंगर, पश्चिमेला अरबी समुद्र, दक्षिणेला वसईची खाडी आणि उत्तरेला वैतरणा नदीचे मुख, असा हा प्रदेश आहे. प्राचीन काळी या दोन खाड्यांना जोडणारा पाण्याचा एक फाटा सोपाऱ्याजवळून वाहत असे. गलबते त्या फाट्याने आत येत. उघड्या समुद्रातील वादळवारा तेथे पोहोचत नसे. नांगर टाकण्यास अशी सुरक्षित जागा मिळाली, की तेथे बंदर होते. आणि बंदर झाले, की त्याच्या मागोमाग बाजार येतो, वस्ती येते, मंदिरे आणि मठ येतात. सोपाऱ्याचेही तसेच झाले.

गावाचे जुने संस्कृत नाव शूर्पारक. शूर्प म्हणजे सूप. या नावाभोवती अनेक कथा गुंफल्या गेल्या आहेत. परशुरामासाठी समुद्राने मागे सरून जी भूमी मोकळी केली, ती शूर्पारकाची भूमी, असे महाभारतात सांगितले आहे. तीर्थयात्रेला निघालेले पांडवही येथे आले होते, असे तेच महाकाव्य सांगते. बौद्ध ग्रंथांत पूर्ण नावाच्या एका व्यापाऱ्याची कथा आहे. तो शूर्पारकाचा रहिवासी. समुद्रपर्यटन करून त्याने अपार धन मिळविले आणि पुढे तो भगवान बुद्धांचा शिष्य झाला. गावातील लोक एका मोठ्या टेकाडाला ‘बुरूड राजाचा कोट’ म्हणत आले. सुपे विणणारा तो बुरूड. संस्कृत नावातील सूप आणि लोककथेतील बुरूड यांची अशी गाठ पडावी, ही मोठी गमतीची गोष्ट आहे.

कथा बाजूला ठेवल्या, तरी इतिहासाचा पुरावा भक्कम आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने तांबड्या समुद्रापासून हिंदुस्थानापर्यंतच्या बंदरांची माहिती लिहून ठेवली. तिच्यात ‘सुप्पारा’ हे नाव आहे. दुसऱ्या शतकातील टॉलेमी या भूगोलवेत्त्यानेही त्याची नोंद केली आहे. सोपारे, कल्याण, ठाणे आणि चौल ही उत्तर कोकणची बंदरे. तेथे उतरलेला माल बैलांच्या पाठीवर लादून सह्याद्रीकडे नेला जाई. नाणेघाटाची अवघड चढण चढून तांडे जुन्नरला पोहोचत आणि तेथून पुढे गोदाकाठच्या पैठणला जात. घाटावरचा माल त्याच वाटेने खाली बंदरात येई.

अशा गावात रोज नवी माणसे येत. त्यांत खलाशी असत, व्यापारी असत, यात्रेकरू असत, भिक्षू आणि विद्वानही असत. त्यांना रात्री निवारा कोण देणार? खाऱ्या पाण्याच्या काठी गोड पाणी कोठे मिळणार? वाटेत नदी आडवी आली आणि जवळ पैसा नसला, तर पलीकडे कसे जाणार? शूर्पारकाने या प्रश्नांची उत्तरे कशी शोधली, हे एका कोरीव लेखातून कळते. हा लेख सोपाऱ्यात नाही. तो नाशिकजवळच्या लेण्यांत आहे.

नाशिकची ही लेणी पांडवलेणी म्हणून प्रसिद्ध आहेत. त्यांतील दहाव्या लेण्यात उषवदात नावाच्या पुरुषाचा लेख आहे. उषवदात हा क्षत्रप राजा नहपान याचा जावई. इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकांच्या सुमारास तो होऊन गेला. आपण केलेल्या दानांची यादी त्याने या लेखात दिली आहे. तीत लढायांपेक्षा लोकोपयोगी कामांनाच अधिक जागा मिळाली आहे. भरुकच्छ म्हणजे भडोच, दशपूर, गोवर्धन आणि शोर्पारग म्हणजे सोपारे, या चार ठिकाणी त्याने चौसोपी धर्मशाळा बांधल्या, बागा लावल्या, तळी आणि विहिरी खोदल्या. वाटेवरच्या नद्यांवर त्याने नावा ठेवल्या आणि उताऱ्याचे पैसे माफ केले. या नद्यांत तापी आहे, दमणगंगा आहे आणि आजच्या पालघर जिल्ह्यातील डहाणूची नदीही आहे. नद्यांच्या दोन्ही तीरांवर त्याने विसाव्यासाठी सभामंडप आणि पाणपोया उभ्या केल्या. नाणंगोल नावाच्या गावातील 32,000 नारळींचे दानही त्याने दिले. ते ज्या विद्वानांच्या परिषदांना मिळाले, त्यांतील एक परिषद शोर्पारग येथील रामतीर्थावर भरत असे.

ही यादी लक्षपूर्वक वाचली, म्हणजे तिच्या मागची दृष्टी ध्यानात येते. धर्मशाळेत चारी बाजूंना खोल्या आणि मध्ये अंगण, म्हणजे माणसे, जनावरे आणि माल यांना एकत्र आसरा मिळे. उन्हातान्हातून आलेल्यास बाग सावली देई. तळ्याचे पाणी गुरांना आणि धुण्याला, विहिरीचे पाणी पिण्याला. नाव फुकट, म्हणून नदीकाठी गरिबाला ताटकळत बसावे लागत नसे. पाणपोईही एका तीरावर नाही, तर दोन्ही तीरांवर! नाव ज्या तीराला असेल, त्याच्या पलीकडच्या तीरावर वाट पाहणाराही तहानलेला असतोच, एवढा बारीक विचार या योजनेत आहे. आजचा मनुष्य ज्यांना नागरी सोयी म्हणतो, त्या याच होत. त्यांची नावे बदलली. गरजा बदलल्या नाहीत.

सोपाऱ्याने परोपकार नुसता घेतला, असे मात्र नाही. नाणेघाटात, ऐन चढणीवर, खडकात खोदलेली पाण्याची टाकी आहेत. त्यांतील एका टाक्यापाशी कोरलेल्या लेखात ते सोपाऱ्याच्या गोविंददासाचे दान असल्याचे म्हटले आहे. गोविंददासाविषयी इतिहासाला याहून अधिक काही ठाऊक नाही. तो राजा नव्हता, सेनापतीही नव्हता. परंतु घाट चढून दमलेल्या वाटसरूच्या घशाला कोरड पडते, हे त्याला ठाऊक होते. आपल्या गावापासून कित्येक कोस दूर, जेथे आपले कोणी नाही, अशा ठिकाणी त्याने पाण्याची सोय केली. दोन हजार वर्षांत किती राजांची नावे पुसली गेली. या साध्या माणसाचे नाव मात्र त्या ओलसर कातळावर टिकून राहिले.

उषवदाताच्याही आधी, इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात, सम्राट अशोकाने आपल्या राज्यात ठिकठिकाणी शिलालेख कोरविले. त्यांतील चौदा लेखांची मालिका प्रसिद्ध आहे. दुसऱ्या लेखात माणसांसाठी आणि जनावरांसाठी औषधोपचार, रस्त्याच्या कडेला झाडे आणि वाटसरूंसाठी विहिरी यांची व्यवस्था सांगितली आहे. या मालिकेतील आठव्या लेखाचा एक तुकडा 1882 साली सोपाऱ्यात सापडला. राजाने शिकारीच्या सहली सोडून धर्मयात्रा सुरू केल्या, असे त्या लेखाचे तात्पर्य आहे. नवव्या लेखाचा तुकडा 1956 साली जवळच्याच भुईगावात मिळाला. लोक आजारपणात, लग्नकार्यात, प्रवासाला निघताना नाना तऱ्हेचे विधी करतात. पण सेवकांशी चांगले वागणे, वडीलधाऱ्यांचा मान राखणे, प्राणिमात्रांवर दया करणे हाच खरा मंगल विधी होय, असा त्या लेखाचा उपदेश आहे. भाषा प्राकृत आणि लिपी ब्राह्मी. बाजारात येणाऱ्या-जाणाऱ्यांना ऐकवावा, असाच हा उपदेश होता.

1882 सालचा शोध ज्यांनी लावला, ते पंडित भगवानलाल इंद्रजी. त्यांचा जन्म 1839 साली जुनागडला झाला. जुनागडजवळ गिरनारच्या पायथ्याशी अशोकाचे चौदा लेख एका मोठ्या शिळेवर कोरलेले आहेत. त्या अक्षरांनी लहानपणीच त्यांना वेड लावले. इंग्रजी शिक्षण फारसे नसतानाही त्यांनी स्वतःच्या प्रयत्नाने ब्राह्मी लिपी आत्मसात केली आणि जुन्या लिपींचे जाणकार म्हणून नाव मिळविले. मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचे संपादक जेम्स कॅम्बेल यांच्यासमवेत ते सोपाऱ्यास आले. बुरूड राजाचा कोट हा किल्ला नसून बौद्ध स्तूप असावा, असा त्यांचा तर्क होता. एप्रिल महिन्याच्या उन्हात खोदकाम सुरू झाले.

तर्क खरा ठरला. स्तूपाच्या मध्यभागी विटांची एक चौकोनी खोली लागली आणि तिच्यात एक मोठा गोल दगडी करंडक निघाला. त्याच्या आत ब्राँझच्या आठ लहान मूर्ती वर्तुळाकार बसविल्या होत्या. मूर्तींच्या मधोमध तांब्याचा करंडक होता. तांब्याच्या आत चांदीचा, त्याच्या आत दगडाचा, मग स्फटिकाचा आणि सर्वांत आत सोन्याचा. सोन्याच्या डबीत मातीच्या भांड्याचे लहान लहान तुकडे होते. भगवान बुद्धांच्या भिक्षापात्राचे हे अवशेष, अशी श्रद्धा बाळगून ते ठेवले असावेत, असे भगवानलालांनी अनुमान केले. भोवती सोन्याची फुले विखुरली होती आणि सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णी याचे चांदीचे एक नाणेही होते. मातीच्या तुकड्यांसाठी सोन्याची डबी! भक्तीने वाहिलेल्या वस्तूचे मोल बाजारात ठरत नाही, हेच खरे. हे अवशेष मुंबईच्या एशियाटिक सोसायटीत जतन करून ठेवले आहेत. स्तूपाचे टेकाड आज संरक्षित स्मारक आहे.

पुढे शेकडो वर्षे शूर्पारक नांदते राहिले. शिलाहार राजांच्या काळात ते उत्तर कोकणातील एक प्रमुख बंदर होते. 1094 सालच्या खारेपाटण ताम्रपटात राजा अनंतदेवाने ठाणे, नागपूर, शूर्पारक आणि चौल या बंदरांवरील जकात दोघा श्रेष्ठी बंधूंना माफ केल्याची नोंद आहे. यातील नागपूर हे कोकणातील बंदर. विदर्भातील शहर नव्हे. बाराव्या शतकात काश्मीरमध्ये विद्वानांची एक सभा भरली. कोकणच्या अपरादित्य राजाने शूर्पारकाहून तेजकंठ नावाच्या पंडितास तेथे पाठविले होते. मंख कवीने आपल्या ‘श्रीकंठचरित’ या काव्यात तशी नोंद केली आहे. चक्रेश्वर तलावाच्या काठचे मंदिर आणि तेथील ब्रह्मदेवाची भव्य मूर्ती या वैभवाची आठवण आजही करून देतात.

मग बंदराचे काय झाले? ते कोणी जिंकून नष्ट केले नाही. डोंगरावरून येणाऱ्या पाण्याबरोबर दरवर्षी गाळ येत राहिला. खाडीचा फाटा हळूहळू उथळ झाला. मोठी जहाजे आत येईनाशी झाली आणि व्यापार ठाणे, चौल यांच्याकडे वळला. 1534 साली वसई पोर्तुगिजांच्या हाती गेली. त्यांनी खाडीच्या मुखाशी भक्कम किल्ला बांधला आणि परिसराचे सारे महत्त्व तिकडे गेले. 1739 साली चिमाजी आप्पांनी वसई जिंकली, तेव्हा सोपारे बंदर म्हणून कधीच मागे पडले होते. ते एक हिरवेगार खेडे झाले होते.

खेडे झाले, तरी पाण्याचा विचार लोकांनी सोडला नाही. वसईच्या बागाइतीत बावखल नावाची एक जुनी सोय आहे. बावखल म्हणजे वाडीतील सखल जागी खणलेले उथळ, उघडे तळे. पावसाळ्यात ते तुडुंब भरते. त्यातील पाणी जमिनीत मुरते आणि भोवतालच्या विहिरींना पोहोचते. पूर्वी बावखलावर रहाट बसविलेला असे. बैल वा रेडा गोल फिरे, रहाटाला बांधलेली मडकी भरून वर येत आणि पाटाने पाणी केळीच्या, पानवेलीच्या आणि भाजीच्या वाफ्यांत जाई. वसईची केळी आणि विड्याची पाने दूरदूरच्या बाजारांत जात, ती या पाण्याच्या बळावर. बावखलाचा आणखी एक उपकार डोळ्यांना दिसत नाही. समुद्र जवळ असल्याने येथील जमिनीत खोलवर खारे पाणी असते. पावसाचे गोडे पाणी हलके, म्हणून ते खाऱ्या पाण्यावर तरंगते. गोड्या पाण्याचा हा थर पुरेसा असेल, तोवर विहीर गोड राहते. मुरणारे पाणी कमी झाले किंवा उपसा फार वाढला, की खारे पाणी वर चढते आणि विहीर बिघडते.

1867 साली विरारहून मुंबईच्या बॅकबेपर्यंत लोकल गाडी सुरू झाली. उषवदाताची नाव प्रवाशांना नदीपार नेत असे. आता रेल्वे त्यांना खाडीपार नेऊ लागली. भाजी, फुले, दूध आणि मासळी सकाळच्या गाडीने मुंबईला जाऊ लागली. पुढे मुंबईत जागा अपुरी पडू लागली, तशी माणसे रेल्वेच्या वाटेने या बाजूला येऊन राहू लागली. वाड्यांच्या जागी चाळी आणि चाळींच्या जागी उंच इमारती झाल्या. 2009 साली नालासोपारा, विरार, वसई आणि नवघर-माणिकपूर या नगरपालिका व आसपासची अनेक गावे एकत्र करून महानगरपालिका स्थापन झाली. 2011 च्या जनगणनेत या शहराची लोकसंख्या सुमारे 12 लाख 22 हजार भरली. 2014 साली ठाणे जिल्ह्याचे विभाजन झाले आणि हा भाग पालघर जिल्ह्यात आला.

एवढ्या लोकांना गावच्या विहिरी पुऱ्या पडणे शक्य नव्हते. उसगाव आणि पेल्हार येथील धरणांतून आणि दूरच्या सूर्या नदीवरून नळाने पाणी आणावे लागले. शाळा, दवाखाने, रस्ते, दिवे यांचीही व्यवस्था झाली. तरी गरज सोयींच्या नेहमीच पुढे धावत असते. दुसरीकडे, जुन्या सोयींची हेळसांड झाली. अनेक बावखले मातीने भरून टाकण्यात आली. विहिरींचे पाणी टँकरने विकले जाऊ लागले, तेव्हा येथील शेतकरी आणि नागरिक एकत्र आले आणि त्यांनी हरित वसई संरक्षण समितीच्या द्वारे त्याविरुद्ध चळवळ केली. जुलै 2018 मध्ये मुसळधार पाऊस झाला. नालासोपाऱ्याजवळ रेल्वेमार्ग पाण्याखाली गेला आणि विरारकडची वाहतूक बंद पडली. दिव्यांच्या लखलखाटात राहणाऱ्या लोकांना घरात गुडघाभर पाणी पाहावे लागले. सखल जमिनीवर पडलेले पाणी कोठेतरी साठले पाहिजे, नाहीतर वाहून गेले पाहिजे. तळी आणि बावखले बुजली, ओढे अरुंद झाले, की ते पाणी घरांत शिरते. ज्या पाण्याला पूर्वजांनी मानाने जागा करून दिली होती, त्याला नातवंडांनी बेघर केले. मग ते रस्त्यावर आले, यात नवल ते काय?

सोपाऱ्याच्या दीर्घ इतिहासातून एक गोष्ट स्पष्ट दिसते. गाव मोठे होते, ते तेथील वाड्यांच्या उंचीने नव्हे. तहानलेल्यास पाणी, थकलेल्यास आसरा आणि अडलेल्यास वाट ज्या गावात मिळते, ते गाव मोठे. प्राचीन काळी ही कामे उषवदातासारखा सत्ताधीश करी, किंवा गोविंददासासारखा एखादा भला माणूस करी. आज ती लोकांनी दिलेल्या करांतून होतात. म्हणजे आज प्रत्येक नागरिक थोडाथोडा उषवदात आहे. मात्र सोय निर्माण करणे जितके महत्त्वाचे, तितकेच ती सांभाळणे महत्त्वाचे. खाडीतला गाळ एका दिवसात साचला नाही. आणि एका पिढीने टाकलेल्या कचऱ्याने तळे एका दिवसात बुजत नाही. दुर्लक्षाला घाई नसते. म्हणूनच त्याच्यावर रोज लक्ष ठेवावे लागते.

नाणेघाटातील टाक्यांत पावसाळ्यात आजही पाणी साठते. घाट चढून आलेला प्रवासी त्यांच्यापाशी घटकाभर विसावतो. सोपाऱ्याचा गोविंददास कोण, हे त्याला ठाऊक नसते आणि ठाऊक असण्याची गरजही नसते. सार्वजनिक सोयीचे हेच वैशिष्ट्य आहे. ती करणाऱ्याने घेणाऱ्याची जात, गाव, नाव विचारलेले नसते.

स्वाध्याय

1. ‘नालासोपारा’ हे नाव कसे तयार झाले?
2. उषवदाताने शूर्पारकात आणि नद्यांच्या काठी कोणकोणत्या सोयी केल्या? त्यांतील प्रत्येक सोय कोणाच्या उपयोगी पडत असेल, ते लिहा.
3. पाणपोया नद्यांच्या दोन्ही तीरांवर का उभारल्या असाव्यात?
4. बावखल बुजविल्याने विहिरीचे पाणी का बिघडते?
5. ‘आज प्रत्येक नागरिक थोडाथोडा उषवदात आहे,’ या वाक्याचा अर्थ स्पष्ट करा.
6. तुमच्या गावातील जुनी विहीर, तळे, धर्मशाळा किंवा पाणपोई यांपैकी एकीची माहिती वडीलधाऱ्या माणसांना विचारून मिळवा. ती कोणी बांधली आणि आज तिची स्थिती कशी आहे, याविषयी दहा ओळी लिहा.